सगळ्यांना होऊन गेलेला ताप

डास चावला तर माणूस खाजवतो आणि विसरून जातो. मला डास चावला की आमच्या घरातली माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडं बघत बसायची. चावलेल्या जागी आधी पाण्याचा फोड यायचा, तो बोराएवढा व्हायचा, संध्याकाळपर्यंत अंगात ताप भरायचा, आणि चार-सहा दिवसांनी फोड मधोमध काळा पडून तिथं खड्डा राहायचा. माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर आणि डाव्या कोपराखाली ते खड्डे अजून आहेत. पोटऱ्या साडीत झाकल्या जातात. कोपराचं कुणी विचारलं तर "लहानपणी भाजलं होतं" म्हणून मी मोकळी होते. खरं सांगायला बसलं की समोरचा गोंधळतो. आणि मी तरी काय, मी काही गोंधळातून बाहेर आलेली नाही. आमच्या घराण्यात नावापुढं डिग्री लावणारी मी पहिली. बी.एस्सी. हे मी कुठंही सांगते, न विचारता पण सांगते. पण माझ्या अंगात त्या काळात काय चाललं होतं, हे मला त्या डिग्रीनंसुद्धा पुरतं समजलेलं नाही.

राजारामपुरीच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढं रस्त्यावर क्लासच क्लास. पहाटेपासून पोरांच्या दुचाक्यांचा आवाज, आणि त्यात आमच्या दादाची रिक्षा, जी तीन-चारदा खाकरल्याशिवाय सुरू व्हायची नाही. बाबा शहर बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या नखांतलं काळं ऑईल रविवारीसुद्धा जायचं नाही. आई क्लासच्या मुलींच्या मेसमध्ये चपात्या लाटायची आणि घरी आल्यावर चपातीचं नावसुद्धा काढू द्यायची नाही. घरी भात. आजऱ्याकडच्या आमच्या गावाहून सुगीनंतर घनसाळ तांदूळ यायचा, त्याचा भात शिजायला लागला की शेजारच्या खोलीतली माणसं दारात उभी राहून "झाला का?" विचारायची. त्यासोबत सुकट आणि कांदा-लसणाची चटणी. आजारपणात मला बाकी कशाचीही चव लागायची नाही, तो वास मात्र लागायचा.

आज्जा, म्हणजे बाबांचे वडील, आजी गेल्यावर गावाहून आमच्याकडं आला तो कायमचाच. आज्जाला मी अरे-तुरेच करायची, आमच्याकडं तसंच आहे. उंच, काटक, बिडीनं खोकला लागलेला. बिडी सुटली, खोकला सुटला नाही. त्यानं तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून घरासाठी त्याचा एक नियम होता, तो त्यानं शहरातसुद्धा मोडला नाही. आमच्या घरात पाणी वरून प्यायचं नाही. तांब्याला तोंड लावून प्यायचं, आणि सगळ्यांनी त्याच एका तांब्याला. पाहुणा आला, त्यानं तांब्या उंच धरून घशात धार सोडली की आज्जाचा चेहरा बदलायचा. "तोंड लावा, पावणं," तो म्हणायचा, "तांब्या चावत न्हाय." गावात त्याच्या पिढीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, भांडं लागू नये म्हणून. हे आम्हाला माहीत होतं, पण तो त्यावर बोलायचा नाही. नियम तेवढा होता.

अकरावीत मला ताप यायला लागला. यायचा, जायचा, परत यायचा. मानेवर, काखेत गाठी आल्या. पहिल्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी कावीळ. तिसऱ्यांनी गाठींचा टीबी असणार म्हणून गोळ्या चालू केल्या, त्यांनी लघवी केशरी व्हायची आणि मी घाबरून आईला हाक मारायची. टीबीच्या गोळ्या संपल्या, ताप तसाच. मधल्या काळात मी बारावीची परीक्षा दिली. पेपर लिहिताना बाकाला टेकलेला हात इतका तापलेला असायचा की कागद ओलसर व्हायचा. पास झाले. कॉलेजात नाव घातलं. आज्जानं पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "सायन हाय सायन, साधं न्हाय." त्याला सायन्स म्हणायचं होतं.

डासांवर मात्र त्याचा स्वतःचा इलाज होता. रोज तिन्हीसांजेला घमेल्यात कडुनिंबाचा ओला पाला पेटवून तो दोन्ही खोल्यांत धूर करायचा. सगळे खोकायचे, तो सगळ्यांत जास्त.

"मामा, डास मरूद्यात, पण आमी आधी मरतोय की!" आई ओरडायची. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात.

"तू जरा भाईर जा. डास तुला वळकत न्हाय, तिला वळकतोय," आज्जा म्हणायचा.

हे त्यानं बरोबर धरलं होतं. एकाच मच्छरदाणीत मी आणि आई झोपायचो, दोघींना डास चावायचा. आईला नुसती खाजरी गांधी उठायची आणि मला ताप. तोच डास, तीच रात्र. मी विचार करून करून थकायची. माझ्या रक्तात काहीतरी वेगळं आहे असं मनात यायचं, आणि मग त्या वेगळं या शब्दाचीच भीती वाटायची.

कॉलेजचं पहिलं वर्ष निम्मं झालं आणि माझं पोट डावीकडं फुगायला लागलं. प्लीहा वाढलेली. तेव्हा कुणीतरी रक्ताच्या आजारांच्या एका डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. त्यांचा दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होता आणि आम्ही सगळं कोल्हापूर फिरून तिथं पोचलो. त्यांनी गाठीचा तुकडा काढला, रक्त मुंबईला पाठवलं. डासाचं त्यांनी दोनदोनदा विचारलं, खड्डे हातानं चाचपून बघितले. आठवड्यानं आई आणि मी गेलो तेव्हा त्यांनी एक विषाणू सांगितला. इंग्रजी तीन अक्षरं. अगदी साधा विषाणू, लाळेतून पसरतो, जवळजवळ सगळ्यांना होऊन जातो, पण हिच्यात तो गेलेला नाही, मुक्काम करून बसलाय, आणि आता तो लिव्हर, प्लीहा सगळीकडं पसरतोय. असं फार क्वचित होतं. उपचार नाही केले तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि आईकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, सायन्सची विद्यार्थिनी म्हणून बघतायत.

एवढ्या सगळ्यातून आईनं एक शब्द उचलला. लाळ. घरी येताना ती भांड्यांच्या दुकानात शिरली. एक स्टीलचं ताट, एक वाटी, एक ग्लास. घरी आल्यावर माझी नेलपॉलिशची बाटली काढून तिन्हीच्या बुडाला लाल ठिपका दिला, बाकीच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून. खरं सांगते, मला तो लाल ठिपक्याचा ग्लास आवडला. दोन खोल्यांच्या घरात माझं म्हणून काही नव्हतंच. उशीसुद्धा आईची आणि माझी एक.

आज्जा संध्याकाळी विहारातून वंदना करून आला. चप्पल काढतानाच त्याला ओट्यावर एकटा ठेवलेला ग्लास दिसला.

"ह्यो कुनाचा?"

"विशाचा हाय, मामा."

माझं नाव विशाखा. घरात विशा, आणि आज्जाच्या तोंडी इशाखा.

"तिचा म्हंजे?"

"डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, थुकीतनं पसरतंय म्हणून."

"येगळा ठिवा म्हनून सांगितलं?"

"तसं न्हाय सांगितलं. पण थुकीतनं म्हणजे..."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. ग्लास उचलला, दारात गेला आणि गल्लीत फेकला. तो कुणाच्या तरी स्कूटरला लागून घरंगळत गेल्याचा आवाज आला. "ह्या घरात येगळं भांडं न्हाय," आज्जा म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "माझी कपबशी हाटेलाच्या वळचणीला असायची. पावसात पाण्यानं भरायची. ते पानी मीच वतायचं, मीच धुवायची, आनि मग च्या मागायचा. माझ्या नातीची कपबशी न्हाय निघायची भाईर."

आईनं आयुष्यात कधी आज्जाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "तुमच्या त्या तांब्यानंच झालंय हे! तोंड लावून पी, तोंड लावून पी. लहानपणापासनं तुमचं उष्टं पीत आली पोरगी. घ्या आता!"

दादा रिक्षा लावून आत येत होता, त्याच्या हातात गल्लीतून उचललेला ग्लास. "पोचा पडलाय ह्याला," तो म्हणाला. "ह्या बिचाऱ्यानं काय केलंतं?" एरवी आम्ही हसलो असतो. बाबा खाली बघून नखातलं ऑईल काढत बसले. बाबांचं हे नेहमीचं होतं, आई आणि आज्जा यांच्यामध्ये ते कधी पडले नाहीत. आणि मी? मला आज्जाचं पटत होतं आणि आईचंही पटत होतं. दोन्ही एकाच वेळी पूर्ण पटत होतं, आणि ते कसं शक्य आहे हे मला कळत नव्हतं. आजही कुणी मला विचारतं की त्या दिवशी कोण बरोबर होतं, तर मी विषय बदलते.

त्यानंतर आमच्या घरात विचित्र दिवस आले. माझं ताट परातीत इतरांच्या ताटांबरोबरच पडायचं, कारण आज्जाची नजर होती. आई ते गुपचूप परत एकदा गरम पाण्यानं धुवायची. आणि आज्जा, ज्यानं ग्लास फेकला, तोच आज्जा तांब्याला शिवेनासा झाला. बाहेरच्या नळावर जायचा, ओंजळ धरायचा आणि प्यायचा. मी एकदा तांब्या भरून त्याच्यापुढं धरला तर म्हणाला, "तान न्हाय." ओठ कोरडे पडलेले दिसत होते. आईचं बोलणं त्याच्या आत जाऊन बसलं होतं. ज्या गोष्टीचा त्याला जन्मभर अभिमान होता, तिनंच नातीला आजारी पाडलं असेल तर त्यानं काय धरून राहायचं?

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो धोतर बदलून, टोपी घालून रिक्षात आधीच जाऊन बसला. दादा म्हणाला, "आज्जा, तुला कुठं सोडू?" तर म्हणाला, "तिच्या डाक्टरकडं. मला इचारायचं हाय."

डॉक्टर मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"बाई, मला एकच सांगा. माझ्या तांब्यातनं गेलं का हे?"

त्यांना आधी समजलं नाही. मी तांब्याचं सांगितलं. "आजोबा, गेलंही असेल, नसेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हा लहानपणी सगळ्यांनाच होतो. थोडा ताप येतो, घसा दुखतो, कधी काहीच होत नाही. तुम्हाला होऊन गेलाय, हिच्या आईला होऊन गेलाय, मला होऊन गेलाय."

"तुमाला बी?"

"मला पण."

"तुमच्या घरात तोंड लावून पित्यात?"

त्या हसल्या. "नाही हो. आमच्याकडं वरूनच पितात."

"आनि तरी झाला?"

"तरी झाला. लहान मुलाचा मुका कोण घेत नाही?"

आज्जा त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या खोकल्यातून हसू बाहेर पडलं. "म्हंजे ह्याला सोवळंओवळं न्हाय म्हना की."

"अजिबात नाही. ताट वेगळं करायची गरजच नाही. तुम्ही सगळे हे आधीच पचवून बसलाय."

"मग हिलाच का?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ज्या पेशींनी त्याला धरून ठेवायचं, हिच्यात तो त्याच पेशींमध्ये शिरलाय. डास चावला की त्याच पेशी खवळतात, म्हणून तो फोड आणि ताप. पण असं का झालं ते मी सांगू शकत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं, माणसात पहिल्यांदा बघतेय." मला हे उत्तर फार लागलं, आणि बरंही वाटलं. तोपर्यंत भेटलेल्या एकाही डॉक्टरनं "माहीत नाही" म्हटलं नव्हतं.

परत येताना दादा आरशातून मागं बघत म्हणाला, "आज्जा, रोगच तुझ्या इचाराचा निघाला की! जात बघत न्हाय, घर बघत न्हाय." आज्जानं त्याच्या पाठीत चापट मारली. घरी आल्या आल्या त्यानं तांब्या उचलला, तोंड लावून निम्मा संपवला आणि उरलेला माझ्यापुढं धरला. आईनं बघितलं आणि भात वाढायला घेतला.

माझ्यावर एकच उपाय होता. माझं सगळं जुनं रक्त औषधांनी मारून टाकायचं आणि दुसऱ्याच्या पेशी घालून नवं उगवू द्यायचं. भावंडाचं जुळलं तर बरं. दादाचं जुळलं. त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला आणि घाबरला, दोन्ही. "बघ हां," तो म्हणाला, "माझं रक्त गेल्यावर तू बी दहावी नापास होशील. मग मला बोलायचं न्हाय." त्यासाठी पुण्याच्या इस्पितळात राहावं लागलं; ते दिवस मला सलग आठवत नाहीत. तोंडात फोड, केसांचा पुंजका उशीवर, काचेपलीकडं बाबा हात हलवतायत आणि मी ओळखत नाही. दादाच्या पेशींची पिशवी टोमॅटोच्या सारासारखी दिसत होती, एवढं आठवतं. नंतर माझा रक्तगट बदलला. जन्मापासून ओ असलेली मी बी झाले, दादासारखी. आताही कुठं रक्तगट लिहायची वेळ आली की माझं पेन क्षणभर थांबतं. कुणाचा लिहू, असं होतं.

घरी सोडताना तिथल्या सिस्टरनी आई-बाबांना समोर बसवून सांगितलं. अजून काही महिने हिच्यात ताकद नाही. साधी सर्दीसुद्धा हिला घेऊन जाईल. वेगळी खोली. वेगळी भांडी, उकळून घेतलेली. ताजं गरम जेवण. ज्याला खोकला आहे त्यानं जवळ यायचं नाही, खोकला कसला का असेना. आई आणि बाबा एकमेकांकडं बघायला लागले. पुण्याहून आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. कराडच्या पुढं आई हळूच म्हणाली, "मामांना कोण सांगणार?" बाबा म्हणाले, "मी न्हाय." दादा म्हणाला, "ग्लास फेकलाय त्यानं, आता आपल्याला फेकंल."

मी मागच्या सीटवर मास्क लावून पडले होते. त्यांना वाटलं मी झोपलेय. मी जागी होते आणि माझ्या डोक्यात तोच गुंता चालू होता. आधी वेगळं ताट चूक होतं, आता तेच ताट मला जगवणार होतं. तेच ताट, तीच मी. मग चूक काय होतं? आज्जा विचारेल तर मी काय सांगणार होते? आणि त्यानं ऐकलं नाही, हट्टानं आत आला, माझ्याजवळ बसून खोकला, तर मी त्याला जा म्हणणार होते का?

गाडी गल्लीत शिरली. आतली खोली चुन्यानं पांढरीफेक केलेली, खिडकीला नवी जाळी ठोकलेली. दादाच्या मित्रांकडून आज्जानं ते करून घेतलं होतं. डॉक्टर मॅडमकडं तो एकटाच चालत गेला होता आणि सगळं विचारून आला होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्याची वळकटी आत नव्हती. ती विहाराच्या खोलीत गेली होती. तो स्वतः दाराबाहेरच्या पायरीवर बसलेला, उंबऱ्यापासून लांब, अगदी कडेला. मी उतरले तेव्हा तो उठून आणखी लांब सरकला आणि हात नुसता वर केला.

"आज्जा, आत ये की," मास्कमधून जेमतेम बाहेर येणाऱ्या आवाजात मी म्हणाले.

"गप जा आत. डास हायत भाईर."

मला आत निजवलं. जाळीतून पायरी दिसत होती. आईनं चहा केला, आधी माझा, उकळलेल्या ग्लासात. मग किटली घेऊन ती बाहेर गेली. आज्जानं स्वतःजवळचा कप खाली फरशीवर ठेवला आणि हात मागं घेतला.

"वरनं वत," तो म्हणाला.

आईला ऐकू आलं, पण ती तशीच उभी राहिली.

"वरनं वत म्हंतोय न्हवं. किटली टेकवू नगोस. तीच किटली आत जानार हाय."

आईनं किटली उंच धरली. चहा कपात कमी आणि फरशीवर जास्त पडला. "आगं नीट," आज्जा म्हणाला, "आंघूळ न्हाय घालायची मला." आई रडत होती का हसत होती, पाठमोरी असल्यामुळं मला कळलं नाही. त्यानं कप उचलला, फुंकर न घालताच भुरके मारत सगळा प्यायला. मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तो पायरीवरून उठला, पार गल्लीच्या पलीकडच्या भिंतीपाशी गेला, आमच्या घराकडं पाठ केली आणि तिकडं तोंड करून खोकला.